मर्व

मर्व : तुर्कमेनिस्तानातील प्राचीन नगरसमूह व जागतिक वारसास्थळ (१९९९). काराकुम वाळवंटाच्या दक्षिण कडेला, मुरगाब नदीच्या मरूद्यानात, मारी शहराच्या पूर्वेस सु. ३० किमी.वर, बायरामअली गावालगत त्याचे अवशेष पसरलेले आहेत. मुरगाब अफगाणिस्तानातील डोंगरांत उगम पावते आणि समुद्र न गाठता या वाळूतच जिरते. तिचे पाणी जेथवर पोहोचले तेथवर वस्ती झाली. मरूद्यानाच्या उत्तरेस असलेले कांस्ययुगीन गोनुर देपे पाणी आटल्यावर ओस पडले व वस्ती दक्षिणेकडे सरकत गेली.

अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील ‘मोउरु’, जुन्या फार्सीतील ‘मार्गुश’ व ग्रीकांचे ‘मार्जियाना’ ही याच प्रदेशाची नावे. इराणचा हखामनी सम्राट पहिला दरायस याच्या बेहिस्तून शिलालेखात मार्गुशमधील फ्रादा नावाच्या बंडखोराचे बंड मोडल्याचे सांगितले आहे. लेखात महिना व दिवस आहे, वर्ष मात्र नाही. त्यामुळे ही घटना इ. स. पू. ५२२ ची की ५२१ ची, यावर मतभेद आहेत.

महाराष्ट्रातील पांढरीच्या टेकाडात जुन्या वस्तीवर नवी वस्ती, असे थर साचलेले दिसतात. मर्वला मात्र वेगवेगळ्या काळांतील नगरे बरीचशी शेजारी शेजारी वसली. एर्क कला (‘कला’ म्हणजे किल्ला) हा हखामनी काळातील सर्वांत जुना कोट. अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक सेल्युसिड घराण्याचा राजा पहिला अँटायोकस याने त्याभोवती सु. ३४० हेक्टरांचे चौरसाकृती नगर आखले. तेच आजचे ग्यौर कला. अरब अंमलात वस्ती पश्चिमेकडील माजान कालव्याकडे सरकली व पुढे तेथे सेल्जुक या तुर्क घराण्याची राजधानी सुलतान कला उभी राहिली. तैमूरलंगाचा मुलगा शाहरुख याने १४०९ मध्ये दक्षिणेस आणखी एक कोट बांधला.

ग्यौर कलाच्या आग्नेय कोपऱ्यातील बौद्ध स्तूप भारतीय वाचकाला विशेष जवळचा वाटेल. १९४६ मध्ये मिखाईल मासोन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सोव्हिएट मोहिमेने तो उकरून काढला. तेथे मातीच्या मोठ्या बुद्धमूर्तीचे मस्तक मिळाले आणि स्तूपाच्या बांधकामात दडवलेला एक रंगीत रांजणही मिळाला. त्यावर मेजवानी, शिकार, आजारपण व अंत्ययात्रा अशी एका सरदाराच्या आयुष्यातील चित्रे आहेत; आत ब्राह्मी लिपीतील संस्कृत पोथी होती. बायरामअलीजवळच्या दुसऱ्या एका टेकाडातही भूर्जपत्रांवरील संस्कृत बौद्ध पोथी सापडली. उत्खननकर्त्यांनी स्तूपाची उभारणी इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांत झाल्याचे मानले. १४८ मध्ये चीनमध्ये पोहोचलेला पार्थियन (प्राचीन इराणी) भिक्षू आन शिगाव हा या मताला पूरक पुरावा म्हणून पुढे केला जातो. परंतु तो मर्वचाच होता असे चिनी साधने सांगत नाहीत. तसेच जुन्या विटा व नाणी नंतरच्या बांधकामातही येऊ शकतात. सासानी (इस्लामपूर्व इराणी घराण्याच्या) नाण्यांच्या फेरतपासणीनंतर काही अभ्यासकांनी स्तूपाचा काळ चौथ्या शतकापर्यंत किंवा त्याही पुढे आणला आहे. उपलब्ध पुराव्यावरून हे मत अधिक सयुक्तिक वाटते. रांजणाची चित्रशैली तर पाचव्या-सहाव्या शतकांकडेच बोट दाखवते.

शेवटचा सासानी सम्राट तिसरा यझ्दगर्द ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. ७४८ मध्ये अब्बासी पक्षाचा सेनानी अबू मुस्लिम याने शहर घेतले व उमय्यद खलीफांना उलथवणाऱ्या अब्बासी क्रांतीला येथूनच बळ मिळाले. पुढे अब्बासी खलीफा मामूनने काही वर्षे येथूनच कारभार पाहिला. दहाव्या शतकातील अरब भूगोलकार पाणीवाटपावरील अधिकाऱ्याच्या हाताखाली दहा हजार माणसे असल्याचे सांगतात. आकडा ढोबळ असला तरी या शहरात पाटकऱ्याचा मान केवढा होता, ते यावरून कळते. याकूत या भूगोलकाराने तेराव्या शतकाच्या आरंभी येथे दहा ग्रंथालये पाहिली, त्यांतील सु. दोनशे ग्रंथ त्याच्या घरी असत, बहुतेक अनामत न ठेवता आणलेले.

१२२१ मध्ये चंगीझखानाचा मुलगा तुलुई याच्या मंगोल सैन्याने शहराची कत्तल केली. इतिहासकार इब्न अल्-असीर सात लाख, तर जुवैनी तेरा लाख मृत सांगतो. मरूद्यानाची पोशिंदाक्षमता पाहता हे आकडे शब्दशः घेऊ नयेत. विध्वंस भयंकर होता यात मात्र शंका नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बुखाऱ्याच्या सैन्याने मुरगाबवरील सुलतानबंद धरण फोडले. १८८४ मध्ये रशियाने मर्व घेतले आणि १८८६ मध्ये तेथे रेल्वे आली.

सेल्जुक सुलतान संजर (मृ. ११५७) याची कबर सर्वांत ठळक. घुमट सु. १७ मी. व्यासाचा असून कारागीर सरख्सचा मुहम्मद इब्न अत्सीझ होता. कबरीचा निळा घुमट एका दिवसाच्या वाटेवरून दिसे, असे याकूत म्हणतो. ते निळे आवरण आता उरलेले नाही. ‘थोरली कीझ कला’ या गढीच्या भिंती कच्च्या विटांच्या उभ्या अर्धस्तंभांच्या आहेत. तिचा काळ सहावे-सातवे शतक की आठवे-नववे, हे ठरलेले नाही. सूफी संत ख्वाजा युसूफ हमदानीच्या दर्ग्यावर भाविकांची वर्दळ असते.

प्रवाशांना मारी किंवा बायरामअलीहून येथे येता येते. अवशेषांचा विस्तार मोठा असल्याने वाहन लागते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. वसंत व शरद हे ऋतू बरे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस काराकुम कालव्याचे पाणी मुरगाब खोऱ्यात पोहोचले आणि भूजल वर आले. तेव्हापासून भिंतींच्या पायाला लोणा लागतो : क्षार सुकताना वीट भुगा होऊन गळते, भिंत खालून खंगते व पावसाळी हिवाळ्यात ढासळते. यावर उपाय म्हणून उत्खननाचे जुने चर पुन्हा मातीने बुजवले जातात आणि पाया चिखल-भुशाच्या लेपाने लिंपला जातो.