‘श्नायडर’ म्हणजे ज्यूच का?

‘श्नायडरसारखी धंद्यावरून पडलेली आडनावं ज्यूंचीच, आणि तीही हजारो वर्षांची’ हा समज दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. श्नायडर म्हणजे जर्मन भाषेत शिंपी, आणि हे आडनाव लावणारे बहुसंख्य जर्मन ख्रिस्ती आहेत. मध्य आणि पूर्व युरोपातल्या बहुतेक ज्यूंना अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत कायमचं आडनावच नव्हतं. ‘इत्झाकचा मुलगा याकोव्ह’ एवढ्यावर भागायचं. १७८७ मध्ये ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या सम्राट दुसऱ्या जोसेफने आपल्या राज्यात ते सक्तीचं केलं, १८०४ मध्ये रशियाने. मग एकच शिंपी, कुठे श्नायडर झाला, पोलिशमधून क्राविट्झ, रशियनमधून पोर्टनॉय.

‘काट्झ’ हे ज्यू आडनाव मात्र फसवतं. जर्मनमध्ये मांजराला जवळजवळ हाच शब्द आहे, म्हणून लोक तिकडे बोट दाखवतात. हिब्रूत ते काफ आणि त्सादी या दोनच अक्षरांत, मध्ये संक्षेपाची खूण देऊन लिहितात: ‘कोहेन त्सेदेक’, म्हणजे नीतिमान पुरोहित.

आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, तेल गाळायचे. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. आडनावं मात्र त्यांनी गावांवरून घेतली: पेणकर, केहिमकर.