हान्स मकावची पेटी आणि माळव्याचं पंचांग

मकाव म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हातभर शेपटीचा निळा-पिवळा धटिंगण पोपट. हान्स मकाव त्याच कुळातला, पण चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 30 सेंटिमीटर आणि वजन 150 ते 180 ग्रॅम. राघूपेक्षा अंगानं भरलेला, शेपटीनं आखूड. डोळ्याभोवतीची बिनपिसांची पांढरी कातडी पाहिली की कुळ ओळखू येतं. मूळ मुलुख दक्षिण अमेरिकेतला, ताडांचा नि गवताळ. वरची चोच काळी असेल तर हान्स, फिकट हस्तिदंती असेल तर त्याच जातीची नोबल ही उपजात. या दोघांची जोडी लावू नये. पिल्लं होतात, पण पुढे त्यांना धड कुठल्याच नावानं हाक मारता येत नाही.

आधी कागद. देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. हान्स परदेशी असल्यानं चालतो. मात्र तो साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पुढे होणाऱ्या पिल्लांचीही. विकणारा कागद देत नसेल तर पक्षी तिथेच राहू द्यावा.

नर-मादी दिसायला हुबेहूब सारखे. दोन नर वर्षभर एकमेकांना भरवत बसतात आणि मालक अंड्यांची वाट पाहत बसतो. म्हणून छातीची तीन-चार ताजी उपटलेली पिसं प्रयोगशाळेत पाठवावीत. गळून पडलेलं पीस चालत नाही, कारण डीएनए मिळतो तो पिसाच्या मुळाशी चिकटलेल्या पेशींतून. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रं दोन प्रकारची असतात, झेड आणि डब्ल्यू. नराची दोन्ही झेड. चाचणीत मादीच्या दोन रेघा उमटतात, नराची एक.

जोडीला 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद, 60 उंच पिंजरा पुरतो. गजांत अंतर दोन सेंटिमीटरच्या आत. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताचे बारीक थेंब असतात. चोचीनं ते खरवडून पोटात गेले की विषबाधा होते. जाळी व्हिनेगर आणि ताठ ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून मगच वापरावी. बसायला पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या फांद्या, आणि त्या घट्ट आवळलेल्या. फांदी डुगडुगली तर मीलन अर्धवट राहतं आणि अंडी पोकळ निघतात.

आता मुख्य गोष्ट. इंदुरात घरट्याची पेटी कशी असावी यापेक्षा ती कधी लावावी, हे जास्त महत्त्वाचं. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात. 24 ते 26 दिवसांच्या उबवणीत त्यांतून साधारण 13 ते 16 टक्के वजन पाण्याच्या वाफेनं जायला हवं, म्हणजे आत हवेची पोकळी तयार होते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या झळांत पाणी फार जातं. आतलं पातळ आवरण चिवट होऊन पिल्लाला चिकटतं आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मरतं. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. मादी साधारण दोन आठवड्यांनी पिल्लांना कमी वेळ पोटाखाली घेते आणि तेव्हा त्यांच्या अंगावर नीट पिसंही नसतात.

म्हणून राखीच्या सुमारास पेटी लावावी. जोडी तीन-चार आठवडे आत-बाहेर करते, लाकूड कुरतडते. पोळा-गणपतीच्या आगेमागे दोन-तीन दिवसांच्या अंतरानं तीन-चार अंडी येतात आणि दसऱ्याच्या आसपास पिल्लं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, ज्या रस्त्यानं जातात त्या रस्त्यावरचं घर असेल, तर पेटी मागच्या खोलीत हवी. दिवाळीच्या फटाक्यांना मादी दचकून बाहेर पडली तर अंधारात तिला परतीचं तोंड सापडत नाही, तेव्हा तिथे रात्रभर मिणमिणता दिवा ठेवावा.

पेटी 18 मिलिमीटर प्लायची, आतून 25 बाय 25, उंची 45 सेंटिमीटर. तोंड सात-आठ सेंटिमीटरचं. तोंडापासून तळापर्यंत आतून जाळीची शिडी, नाहीतर मादी थेट अंड्यांवर उडी घेते. तळाला सुताराकडचे रंध्याचे छिलके पाच-सहा सेंटिमीटर भरावेत. बारीक भुसा नको, तो पिल्लांच्या नाकात जातो. तळ गुळगुळीत राहिला तर पिल्लांचे पाय फाकतात आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर तसेच राहतात. आठव्या दिवशी अंड्यामागे बारीक टॉर्च धरावा: लाल शिरांचं कोळ्याचं जाळं दिसलं तर जीव आहे.

मादीचं अंडं अडकणं हा सगळ्यांत भीतीदायक प्रसंग. पिसं फुलवून ती पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी वरखाली हलते. तेव्हा ऊब द्यावी आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. पोट दाबू नये. पण याची सुरुवात बहुधा काही महिने आधी, वाटीत नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घालण्यापासून झालेली असते. त्यांत चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व नावाला. निम्मा आहार पेलेट, म्हणजे पक्ष्यांचं तयार दाणेदार खाद्य, बाकी मोड आलेली कडधान्यं, लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, कोवळा भुट्टा आणि कायम टांगलेला समुद्रफेण. कॅल्शियम पचायला डी जीवनसत्त्व लागतं, ते सकाळच्या उघड्या उन्हातून. खिडकीची काच त्यातले उपयोगी किरण अडवते. शेव, नमकीन, चहातली बिस्किटं यांतलं मीठ-तेल दीडशे ग्रॅमच्या जीवाला झेपत नाही. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा हे तर विषच. शेंगदाण्याला बुरशी लागते, म्हणून तोही टाळावा. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत मरतो. स्वयंपाकघराशेजारी पिंजरा नकोच.

पिल्लं निदान तीन आठवडे आईबापांकडेच राहू द्यावीत. हातानं भरवायचं तर पिल्लांच्या खाद्याची खीर 39 ते 41 अंशांचीच हवी, तीही थर्मामीटरनं मोजून. बोटानं अंदाज घेऊ नये. 43 च्या वर गेली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी, म्हणजे क्रॉप, आतून भाजते. थंड असेल तर अन्न तिथेच साचून आंबतं. एका वेळी पिल्लाच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे 80 ग्रॅमच्या पिल्लाला आठ मिलिलिटर. दिवसातून निदान एकदा तरी क्रॉप पूर्ण रिकामी होऊ द्यावी आणि मगच पुढचा घास द्यावा. रोज सकाळी उपाशीपोटी वजन लिहावं. आजारी पक्षी आजार लपवतो, काटा लपवत नाही.

दोनेक महिन्यांत पिल्लं पेटीबाहेर येतात, तेव्हा डिसेंबर लागलेला असतो. जोडी तिथूनच दुसऱ्या खेपेची तयारी करू पाहते. तिला ती करू दिली तर ती पिल्लं थेट उन्हाळ्यात जातात. पिल्लं स्वतः खाऊ लागली की पेटी उतरवावी, छिलके फेकावेत, गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवावी आणि पुढच्या राखीपर्यंत जोडीच्या नजरेआड ठेवावी.