निर्वासित मध्यम पल्ल्याचे धावपटू

युद्ध किंवा छळामुळे मायदेशातून परागंदा झालेले आणि आश्रय देणाऱ्या देशाचे नागरिकत्व नसतानाही आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्समध्ये ८०० व १,५०० मीटर शर्यतींत उतरणारे खेळाडू. खेळाडू ज्या देशाकडून खेळतो त्या देशाचा तो नागरिक असावा, असे ऑलिंपिक सनद सांगते. त्यामुळे २०१६ पूर्वी अशा धावपटूला नवे नागरिकत्व मिळेपर्यंत थांबण्यावाचून सहसा गत्यंतर नसे. सुदानच्या यादवीतून निसटून केनियातील काकुमा छावणीत वाढलेला लोपेझ लोमाँग २००७ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला, म्हणूनच २००८ मध्ये बीजिंगला १,५०० मीटर धावू शकला. तेथील उद्घाटनाच्या संचलनात अमेरिकेचा ध्वज त्याच्याच हाती होता.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पहिला निर्वासित संघ रिओ येथील २०१६ च्या स्पर्धेत उतरवला. दहा जणांच्या या संघात पाच दक्षिण सुदानी धावपटू होते. त्यांपैकी चौघे ८०० किंवा १,५०० मीटर धावणारे. यामागे टेगला लोरूप हिची खटपट होती. न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी ही पहिली आफ्रिकी महिला. तिच्या संस्थेने काकुमात निवड शर्यती घेतल्या आणि निवडलेल्यांना नैरोबीजवळ न्गाँग येथे, उंचावरील शिबिरात सरावाला नेले. रोझ नाथिके लोकोन्येन छावणीत दहा किलोमीटर अनवाणी धावून दुसरी आली होती. रिओत ती निर्वासित संघाची ध्वजधारक झाली आणि ८०० मीटरची प्राथमिक फेरी २ मिनिटे १६.६४ सेकंदांत धावली. अंतिम शर्यत १ मिनिट ५५.२८ सेकंदांत जिंकली गेली. म्हणजे विजेती तिच्यापुढे सुमारे सव्वाशे मीटर असती. या आकड्यावर नाके मुरडणे सोपे आहे, पण तिचा शिस्तीतला सराव जेमतेम वर्षभराचा होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने हीच वेळ २ मिनिटे ११.८७ सेकंदांवर आणली. रिओत ८०० मीटर धावलेला यीच पुर बिएल २०२२ मध्ये ऑलिंपिक समितीचा सदस्य झाला.

जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत २०१७ पासून निर्वासितांचा वेगळा संघ असतो. मात्र ॲथलेटिक्स महासंघ आणि ऑलिंपिक समिती यांचे नियम जुळत नाहीत, आणि खरा पेच तेथेच आहे. डॉमिनिक लोबालू हाही न्गाँगच्या शिबिरातला. २०१९ मध्ये जिनिव्हातील शर्यतीनंतर तो परतला नाही, स्वित्झर्लंडमध्येच राहिला. २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या डायमंड लीगमध्ये (अव्वल धावपटूंच्या वार्षिक स्पर्धामालिकेत) त्याने ३,००० मीटर शर्यत ७ मिनिटे २९.४८ सेकंदांत जिंकली. हे अंतर मध्यम पल्ल्याच्या अगदी सीमेवरचे. पुढे महासंघाने नागरिकत्वाविनाही स्वित्झर्लंडकडून धावण्याची परवानगी दिल्यावर जून २०२४ मध्ये तो त्या देशाकडून १०,००० मीटरचा युरोपीय विजेता ठरला. दोनच महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, स्विस नागरिकत्व नसल्याने, त्याला निर्वासित संघातून धावावे लागले. ५,००० मीटरमध्ये तो चौथा आला, कांस्यपदक ०.१४ सेकंदाने हुकले.