सत्काराचा सीझन आणि नागपुरातली परत केलेली पदवी

नागपुरात थंडी पडली की सत्काराचा सीझन सुरू होतो. सुरेश भट सभागृह असो, देशपांडे हॉल असो नाहीतर वस्तीतला मंडप, तीच शाल, तेच श्रीफळ, तोच मोमेंटो आणि स्टेजवर सत्कारमूर्तीपेक्षा सत्कार करणारेच जास्त. हे आजकालचं फॅड आहे असं लोकं म्हणतात. तसं नाही ना भाऊ, हे लय जुनं आहे, आणि यातला एक मोठा प्रसंग आपल्याच गावात घडलाय, फक्त तो मान घ्यायचा नाही, परत करायचा.

भोसल्यांच्या काळात दरबाराला काम आवडलं की वस्त्रं मिळायची, इनाम जमीन मिळायची, म्हणजे मान पोटाला लागायचा. इंग्रजांनी ते स्वस्तात बसवलं, जमिनीच्या जागी नावापुढं शब्द दिले, रावसाहेब, रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर, आणि त्याच्याही वर सर. कस्तुरचंद पार्कवर आपण भेळ खातो तो ज्यांच्या नावाचा आहे ते रायबहादूर सर कस्तुरचंद डागा. अमरावती रोडवरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, उभं राहिलं ते कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या दानातून, १९४२ मध्ये. म्हणून पदवीवाले सगळे सरकारचे हुजरे होते असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. पण पदवी सरकारच्या मर्जीतल्यालाच मिळायची हेही तेवढंच खरं.

१९०० साली कैसर-ए-हिंद पदक सुरू झालं, ते खास लोकसेवेसाठी होतं, बाई-पुरुष, देशी-गोरा असं काही बघायचं नाही. आजच्या समाजसेवा पुरस्कारांचा जवळचा पूर्वज शोधायचा तर हाच. गांधीजींनाही ते मिळालं होतं, सोन्याचं, आणि ऑगस्ट १९२० मध्ये त्यांनी ते परत केलं.

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं. असहकाराचा ठराव आधी कलकत्त्यात झालेला, त्यावर पक्कं शिक्कामोर्तब इथं झालं, आणि कार्यक्रमात एक कलम होतं सरकारी पदव्या आणि मानाची पदं सोडायचं. गंमत बघा, स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज, स्वतः रायबहादूर! त्यांनी ती पदवी सोडली. त्या काळात व्यापारी माणसानं असं करणं म्हणजे कलेक्टरच्या बंगल्याचं दार स्वतःच्या हातानं लावून घेणं होतं.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम १८ नं पदव्याच बंद करून टाकल्या. मग १९५४ मध्ये भारतरत्न आणि पद्म आले तेव्हा प्रश्न उभा राहिलाच, की ही मागच्या दारानं आलेली रायबहादुरी तर नाही? जनता सरकारनं १९७७ मध्ये पद्म बंदच केले, १९८० मध्ये ते परत सुरू झाले, पुढं ९० च्या दशकात कोर्टकचेरीमुळं आणखी काही वर्षं खंड पडला. शेवटी डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हे सन्मान आहेत, पदव्या नाहीत, पण नावाच्या आगेमागे लावायचे नाहीत. आता कोणतीही लग्नपत्रिका नाहीतर चौकातला फ्लेक्स बघा, नावापुढं पद्मश्री असतेच, हा निकाल आपण कधी मनावर घेतलाच नाही.

पद्म माणसांनाच मिळतो, संस्थेला नाही. ती बाजू राज्य सरकारच्या पुरस्कारांनी सांभाळली, दलितमित्र हा त्यातला जुना, त्यात व्यक्ती आणि संस्था दोन्ही असायचे.

आपल्या भागाचं म्हणाल तर बाबा आमटेंचं उदाहरण सगळ्यात बोलकं. वरोऱ्याचं आनंदवन म्हणजे इथून दोनेक तास. पद्मश्री १९७१, मॅगसेसे १९८५, पद्मविभूषण १९८६, आणि १९९१ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यातल्या आदिवासींसाठी त्यांनी दोन्ही पद्म सरकारला परत केले. १९२० चा नागपूरचा ठराव सत्तर वर्षांनी कोणीतरी पुन्हा अमलात आणला असंच मला वाटतं, आणि तेही आपलंच सरकार असताना, जे जास्त अवघड होतं.

नंतरची नावं बघितली तर आपल्या मेडिकलचा, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा कॅम्पसच डोळ्यापुढं येतो. हेमलकशाचे प्रकाश आमटे, गडचिरोलीचे अभय आणि राणी बंग, मेळघाटातल्या बैरागडचे रवींद्र कोल्हे, सगळे तिथं शिकलेले आणि सगळे शहर सोडून गेलेले. दिल्लीनं दखल घ्यायला दशकं लावली, बंगांची 'सर्च' ही संस्था सुरू झाली १९८६ ला आणि पद्मश्री २०१८ मध्ये.

इकडं गल्लीत मात्र वेगळंच चालतं. मागच्या वर्षी एका संस्थेचा मला फोन आला, तुमची समाजभूषणसाठी निवड झाली, बायोडाटा पाठवा, आणि मोमेंटोचा खर्च तेवढा तुमच्याकडून. मी विचारलं, निवड कशावरून केली? तर समोरचा म्हणे, ते तुम्हीच बायोडाट्यात लिहा ना सर.