बाय गेम आणि होम-अँड-होम: एकाच मैदानावरचे दोन वेगळे करार

माझ्या मामेबहिणीचा मुलगा अमेरिकेत कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठात शिकतो. २०२५ च्या सप्टेंबरात तिचा फोन आला. "दादा, गेल्या शनिवारी टेक्ससशी फुटबॉलची मॅच होती तेव्हा पोरगा सकाळपासून जेवला नव्हता. १४-७ असे कसेबसे जिंकले. आणि या शनिवारी ७०-०? समोर कोण होतं? असली मॅच ठेवतात तरी कशाला?"

समोर ग्रॅम्बलिंग स्टेट होतं. लुइझियानातलं हे विद्यापीठ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलं. याच संघाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी कारकिर्दीत ४०८ सामने जिंकले. नाव मोठं, पण संघ खालच्या श्रेणीतला. बहिणीचा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. दोन्ही सामने कोलंबसलाच झाले, आठ दिवसांच्या आत झाले, आणि वेळापत्रकात दोन्हींवर एकच शिक्का होता: नॉन-कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या गटाबाहेरचा सामना. करार मात्र पूर्णपणे वेगळ्या जातीचे होते. टेक्सस आलं ते होम-अँड-होम करारावर, ग्रॅम्बलिंग आलं ते बाय गेम म्हणून. हा फरक कळला की तगडा प्रतिस्पर्धी मिळवणं इतकं अवघड का होऊन बसतं, तेही कळतं.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत १३० हून जास्त विद्यापीठं आहेत आणि प्रत्येकाला नियमित हंगामात १२ सामने मिळतात. त्यातले आठ किंवा नऊ आपल्या गटातल्या, म्हणजे कॉन्फरन्समधल्या संघांशी. हे सामने कॉन्फरन्सच ठरवून देते. उरलेले तीन-चार सामने विद्यापीठाने स्वतः जमवायचे. वरून कोणी वेळापत्रक पाठवत नाही. ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचा प्रमुख, फोन उचलतो, तारखा जुळवतो, वकील करार लिहितात. आपल्याकडे मुंबईने रणजीत कोणाशी खेळायचं ते मंडळ ठरवतं, त्यामुळे ही पद्धत आपल्याला पटकन लक्षात येत नाही.

गावाकडची माणसं हा फरक एका वाक्यात समजतील. होम-अँड-होम म्हणजे सावड आणि बाय गेम म्हणजे रोजंदारी. सावडीत तू आज माझ्या शेतावर ये, उद्या मी तुझ्या शेतावर येतो. पैशांचा हिशोब नाही, फेडीचा आहे. रोजंदारीत दिवस भरला, पैसे घेतले, विषय संपला. मालकाने मजुराच्या शेतावर जायचा प्रश्नच नाही. ओहायो स्टेट २०२६ मध्ये टेक्ससच्या ऑस्टिनला जाणार हे ठरलेलं आहे. ग्रॅम्बलिंगला मात्र ते कधीही जाणार नाही.

इथे शब्दाचा एक घोळ मिटवून टाकतो, कारण देवनागरीत तो हमखास होतो. बाय गेममधला 'बाय' विकत घेण्याचा. ज्या आठवड्यात संघाला विश्रांती असते त्याला 'बाय वीक' म्हणतात, तो 'बाय' वेगळा. बाद फेरीत एखाद्याला न खेळता पुढे चाल मिळते, त्यातला तो. मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, पण पहिल्यात मोठी रक्कम हात बदलते आणि दुसऱ्यात सामनाच नसतो.

बाय गेममध्ये यजमान पाहुण्याला ठरलेली रक्कम देतो. म्हणूनच त्याला गॅरंटी गेम असंही म्हणतात. २००७ मध्ये मिशिगनने ॲपलाचियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन आपल्या घरी, ॲन आर्बरला बोलावलं. २०२४ मध्ये नोटर डेमने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर दिले. छोट्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला हा पैसा जीवनदायी असतो. मोठ्याला त्यातून मिळतो घरचा आणखी एक सामना. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. तिकिटं, पार्किंग, देणगीदारांची आसनं यातून जी कमाई होते तीवर त्याच विद्यापीठातले पोहणारे, कुस्तीगीर आणि मुलींचे कितीतरी संघ चालतात. त्यामुळे बाय गेमला सरसकट भित्रेपणा म्हणणं मला पटत नाही. त्या पैशावर दोन्हीकडच्या मुलामुलींचे खेळ उभे असतात.

आणि विकत घेतलेला पाहुणा हरायलाच येतो असंही नाही. ॲपलाचियन स्टेट तेव्हा खालच्या श्रेणीत होतं आणि मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. शेवटच्या क्षणी मिशिगनचा फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून गुण मिळवण्याचा प्रयत्न, ॲपलाचियनच्या खेळाडूने अडवला आणि सामना ३४-३२ असा ॲपलाचियनचाच राहिला. क्रमवारीतल्या संघाला खालच्या श्रेणीच्या संघाने हरवल्याचा तो पहिलाच प्रसंग. नॉर्दर्न इलिनॉयनेही नोटर डेमला त्यांच्याच घरी १६-१४ असं हरवलं. १० सप्टेंबर २०२२ हा दिवस तर सन बेल्ट या छोट्या कॉन्फरन्समध्ये विसरला जाणार नाही. तिथल्या तीन संघांपैकी एकाच दिवशी मार्शलने नोटर डेमला, ॲपलाचियन स्टेटने टेक्सस ए अँड एमला आणि जॉर्जिया सदर्नने नेब्रास्काला हरवलं, तिघांनीही परक्या मैदानावर आणि मोठी रक्कम खिशात घालून. नेब्रास्काच्या प्रशिक्षकाला दुसऱ्याच दिवशी काढून टाकण्यात आलं.

होम-अँड-होममध्ये पैशाची जागा तारीख घेते, आणि खरी अडचण तिथेच आहे. समजा कॉन्फरन्सचे सामने नऊ आहेत. नवाचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून एका वर्षी पाच सामने घरी आणि चार बाहेर, पुढच्या वर्षी उलट. मोठ्या विद्यापीठाला वर्षात निदान सात सामने घरी हवे असतात, अंदाजपत्रकच त्यावर बेतलेलं असतं. ज्या वर्षी कॉन्फरन्सचे चारच सामने घरी, त्या वर्षी उरलेले तिन्ही घरी खेळावे लागतात. ज्या वर्षी पाच, त्याच वर्षी कुठेतरी बाहेर जायची मुभा मिळते. समोरच्या तगड्या विद्यापीठाचंही गणित हेच. दोघांची मुभेची वर्षं एकाआड एक येत असतील तर लागोपाठ दोन वर्षांत सावड फिटते. दोघांना एकाच वर्षी मुभा असेल, तर परतीचा सामना आणखी वर्षभर पुढे ढकलावा लागतो. त्यात तारीख हवी सप्टेंबरातली, कारण पुढे कॉन्फरन्सचे सामने सुरू होतात. आणि त्या सप्टेंबरात दोघांचंही आधीच दुसऱ्या कोणाशी ठरलेलं नको.

काहींची तर एक जागा कायमची अडकलेली असते. जॉर्जियाला दरवर्षी जॉर्जिया टेकशी खेळायचं असतं, फ्लोरिडाला फ्लोरिडा स्टेटशी, साउथ कॅरोलायनाला क्लेमसनशी, आयोवाला आयोवा स्टेटशी. राज्यातलीच वैरं, पण संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समधले. हे सामने मोडायची हिंमत कोणी करणार नाही, आणि करूही नये.

म्हणून तारखा दहा-दहा वर्षं आधी बांधल्या जातात. मिशिगन आणि टेक्सस यांनी २०१४ मध्ये करार केला. पहिला सामना झाला २०२४ ला, परतीचा ठरला २०२७ चा. करार झाला तेव्हा २०२४ चे बहुतेक खेळाडू प्राथमिक शाळेत होते. मधल्या काळात दोन्हीकडचे प्रशिक्षक बदलले, मिशिगन राष्ट्रीय विजेतं झालं, टेक्ससने कॉन्फरन्सच बदलली. ॲन आर्बरला टेक्ससने ३१-१२ असा सामना जिंकला. सही करताना समोरचा संघ त्या वर्षी तगडा असेल की पडलेला, हे कोणालाच माहीत नसतं. बाय गेमला ही भीती नाही. पाहुणा वर्ष-दोन वर्षं आधीही मिळतो.

आणि इतकं जुळवलेलं मोडतंही. नेब्रास्का आणि टेनेसी यांचे २०२६ आणि २०२७ चे सामने नेब्रास्काने २०२५ मध्ये रद्द केले. कारण दिलं स्टेडियमच्या नूतनीकरणाचं. त्यांच्या जागी आले बोलिंग ग्रीन आणि ओहायोतलं मायामी विद्यापीठ, दोघेही छोट्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधले. करारात भरपाईचं कलम असतं, रक्कम भरली की सुटका. सावड मोडून रोजंदार बोलावला, असंच याचं वर्णन करता येईल, आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्या दोन तारखांकडे दोन राज्यांतली माणसं डोळे लावून बसली होती.

या दोन करारांमध्ये एक मधला प्रकार आहे, टू-फॉर-वन. मोठ्याच्या घरी दोन सामने, छोट्याच्या घरी एक. याच्या वाट्याला येणारे संघ मला सर्वांत अन्यायाचे बळी वाटतात: ताकद आहे, पण नाव नाही. सेंट्रल फ्लोरिडा २०१७ मध्ये एकही सामना न हरता १३-० गेलं, हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात, म्हणजे बोलमध्ये, ऑबर्नलाही हरवलं, तरी अजिंक्यपदासाठी निवडलेल्या चार संघांत त्याला जागा नव्हती. कारण सांगितलं जायचं की तुमचे प्रतिस्पर्धी दुबळे. मग तगडे प्रतिस्पर्धी कुठून आणायचे? फ्लोरिडा विद्यापीठ टू-फॉर-वन द्यायला तयार होतं. सेंट्रल फ्लोरिडाचे तेव्हाचे ॲथलेटिक डायरेक्टर डॅनी व्हाइट यांनी ते नाकारलं. बरोबरीचं होम-अँड-होम करा, असा त्यांचा आग्रह होता. ते गेल्यावर २०२१ मध्ये टू-फॉर-वनवरच सही झाली. अशा संघाला विकत घेणं धोक्याचं, कारण तो हरवू शकतो. त्याच्याशी सावड करणं मोठ्यांना कमीपणाचं. मग त्याला कोणीच बोलावत नाही, आणि दुबळ्या वेळापत्रकाचा ठपका पुन्हा त्याच्याच माथी.

आता निवड समितीकडे वळू, कारण सगळा हिशोब शेवटी तिथे होतो. अजिंक्यपदाच्या प्लेऑफमध्ये २०२४ पासून १२ संघ घेतात आणि तेरा जणांची समिती ते ठरवते. प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजतो, असं समिती सांगते. पण पराभवाचा आकडा सगळ्यांना आधी दिसतो. इंडियानाने लुईव्हिलबरोबर ठरलेले सामने आधीच रद्द केले होते. २०२४ मध्ये कॉन्फरन्सबाहेर फ्लोरिडा इंटरनॅशनल, वेस्टर्न इलिनॉय आणि शार्लट यांच्याशीच खेळून ११-१, म्हणजे ११ विजय आणि एक पराभव, अशा निकालावर इंडियाना प्लेऑफमध्ये पोहोचलं. मॅडिसनला जाऊन विस्कॉन्सिनला ४२-१० असं हरवून आलेलं अलाबामा ९-३ वर बाहेर राहिलं. त्यानंतर अलाबामाच्या ॲथलेटिक डायरेक्टरने जाहीरपणे सांगितलं की, असे तगडे सामने ठेवायचे का याचा आता फेरविचार करावा लागेल. इथे मी अलाबामाच्या बाजूने नाही. त्यांचे तिन्ही पराभव कॉन्फरन्समधले होते. विस्कॉन्सिनला जाण्याने त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं.

टेक्ससची तक्रार जास्त रास्त आहे. २०२५ मध्ये तेही ९-३ वर बाहेर राहिले, आणि त्यातला एक पराभव कोलंबसचा. त्या शनिवारी ओहायो स्टेटऐवजी कोणी रोजंदार ऑस्टिनला बोलावला असता तर आकडा बहुधा १०-२ झाला असता. असा विचार एखाद्या ॲथलेटिक डायरेक्टरच्या मनात एकदा शिरला की पुढचा फोन तो कोणाला करणार हे सांगायला नको.

पण त्याच वर्षाचं उलट उदाहरणही आहे, आणि ते मला कोणीही विसरू नये असं वाटतं. मायामी (ओहायोतलं नव्हे, फ्लोरिडातलं) आणि नोटर डेम दोघेही १०-२. जागा एक. पहिल्याच आठवड्यात मायामीने नोटर डेमला २७-२४ असं हरवलं होतं. मायामी आत गेलं. नोटर डेमने पुढच्या सामन्यात टेक्सस ए अँड एमकडून ४१-४० अशी हार खाल्ली, तीही होम-अँड-होमची परतफेड, कारण आदल्या वर्षी ए अँड एमच्या घरी, कॉलेज स्टेशनला, नोटर डेम जिंकून आलं होतं. त्यानंतरचे दहाही सामने जिंकूनही ते बाहेर राहिले. कठीण सामना जिंकणाऱ्याला तो वर नेतो, हरणाऱ्याला खाली ओढतो. बाय गेम मात्र जिंकून काही फारसं पदरात पडत नाही, हरला तर नाचक्की.

साउथईस्टर्न कॉन्फरन्स २०२६ पासून आठऐवजी नऊ सामने खेळणार. म्हणजे तिथल्या संघांच्या हाती तीनच मोकळ्या जागा, त्यातली एक मोठ्या कॉन्फरन्सच्या संघासाठी किंवा कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या नोटर डेमसाठी सक्तीने राखलेली. उरल्या दोन. त्या दोन्ही सावडीला देणारं कोणी निघेल असं मला वाटत नाही, घरच्या सात सामन्यांचं गणित ते करू देणार नाही. पण राखलेली ती एक जागा तरी टिकावी, एवढी माझी इच्छा आहे.

बहिणीला मी शेवटी एक सोपी खूण सांगितली. एखादा सामना कोणत्या जातीचा आहे हे ओळखायचं असेल, तर पुढच्या तीन-चार वर्षांची वेळापत्रकं उघडायची. तेच नाव उलट्या बाजूने, त्यांच्या मैदानावर दिसलं, तर सावड. नाव पुन्हा दिसलंच नाही, किंवा दिसलं तेही आपल्याच मैदानावर, तर रोजंदारी. तिने तिथेच फोनवर २०२६ चं पान काढलं. "ऑस्टिन," ती म्हणाली. "म्हणजे पोरगा तिकडे जायचं म्हणणार. तिकीट आत्ताच काढून ठेवू का?"