मागे विंग लावला की मायलेज वाढतं? नाही वाढत!

म्हापशापासून मडगावपर्यंत कुठेही गाडीचा विषय निघाला की कोणीतरी हे सांगतंच, डिकीवर मोठा विंग, म्हणजे ती पंखासारखी आडवी पट्टी लाव, गाडी हवा कापते, पेट्रोल वाचतं. अहो, हे साफ चुकीचं आहे. असले विंग १९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर आले ते टायर रस्त्याला दाबून धरायला, वळणावर ग्रिप मिळावी म्हणून, आणि तो दाब फुकट मिळत नाही, त्याच्यासोबत हवेचा अडथळा वाढतो म्हणजे पेट्रोल उलट जास्तच जातं. कंपनीकडून येणारा छपराच्या टोकाचा छोटा स्पॉयलर वेगळा, तो त्याच गाडीच्या आकाराला धरून बनवलेला असतो, मागचे हवेचे भोवरे थोडे कमी करू शकतो.

आणि मुळात हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ४० चे ८० केले की चौपट! पणजीच्या ट्रॅफिकमध्ये २० ने रांगताना विंग काय करणार? तिथे पेट्रोल जातं सारखं थांबण्या-निघण्यात. खरंच वाचवायचं असेल तर छपरावरचा रिकामा कॅरियर काढून ठेवा, काणकोणला जाताना हायवेवर उगाच दामटू नका आणि टायरमधली हवा तपासत जा, ती कमी असली तर गाडी जड चालते.