एएलपीएम: शाखेतले यंत्र सुरू करण्यामागचा इतिहास

1980च्या दशकाच्या उत्तरार्धात बँकेच्या शाखांमध्ये जे यंत्र येऊ लागले, त्याला कागदोपत्री कोणी कॉम्प्युटर म्हणत नसे. त्याचे नाव एएलपीएम, म्हणजे ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशिन, खातेवहीत (लेजरमध्ये) नोंदी करणारे यंत्र. की-बोर्ड, पडदा, फ्लॉपी ड्राइव्ह, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असे सगळे त्यात होते, पण नावात तो एक शब्द नव्हता. आज अनेकांना ही शब्दांची पळवाट वाटते. मला तसे वाटत नाही. सकाळी ते यंत्र कोण सुरू करणार आणि त्यावर काय करता येणार, हे या नावाने ठरत होते.

यामागे संगणकाने नोकऱ्या जातील या भीतीतून आलेला दोन दशकांचा तणाव होता. 1960च्या दशकात कोलकात्यात विमा कर्मचाऱ्यांनी संगणक इमारतीत येऊ नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. 1972 साली स्वयंचलनाविषयीच्या सरकारी समितीचा अहवाल आला. तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ होते. बँकांपुरता निर्णायक टप्पा सप्टेंबर 1983 चा. बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात त्या महिन्यात यंत्रांविषयी करार झाला. शाखेत लेजर पोस्टिंगची इलेक्ट्रॉनिक यंत्रे चालतील, तीही मर्यादित. संगणक बसवायचा तर वरच्या कार्यालयांत. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या समितीने शाखा, प्रादेशिक कार्यालय आणि मुख्य कार्यालय अशी तीन पातळ्यांची आखणी मांडली. त्या समितीच्या नावात ‘यांत्रिकीकरण’ हा शब्द होता. त्याच अध्यक्षांची दुसरी समिती 1988 मध्ये आली, तेव्हा नावात ‘संगणकीकरण’ होते. मधल्या चार-पाच वर्षांत काय बदलले, ते या दोन शब्दांवरून कळते.

‘लेजर पोस्टिंग मशिन’ हे नाव नवे नव्हते. मोठ्या शहरांतल्या बँकांमध्ये खात्याचे कार्ड घालून नोंद छापणारी यांत्रिक यंत्रे आधीपासून होती. जुने नाव पुढे चालवल्यामुळे जुनी चौकटही टिकली. यंत्र खातेवहीच्या जागी आले, कारकुनाच्या जागी नाही. ते चालवणारा कारकूनच राहिला, त्याला स्पेशल अलाउन्स मिळाला आणि नोंद पास करण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे राहिला. ‘कॉम्प्युटर’ म्हटले असते तर वेगळे पद, वेगळी भरती आणि कपातीची भीती हे सगळे एकदम दारात आले असते. संघटनांनी अडवून धरले असे आजही सर्रास म्हटले जाते. नोकऱ्या न जाता यंत्र आत आले, याचे श्रेय मात्र कोणी त्यांना देत नाही.

आता सकाळचे काम. आधी एसी, मग स्टॅबिलायझर किंवा यूपीएस. चपला केबिनबाहेर. सुरुवातीच्या अनेक यंत्रांत हार्ड डिस्क नव्हती, म्हणून सव्वापाच इंची फ्लॉपीवरून डॉस, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, चढवायचा. आदल्या दिवशीची डेटा फ्लॉपी ड्राइव्हमध्ये राहिली असेल तर यंत्र सिस्टीम डिस्क मागून थांबे, आणि नवख्या ऑपरेटरला वाटे की रात्रीत सगळे पुसले गेले.

खरी गोम त्यानंतर होती: तारीख. 1981 चा आयबीएम पीसी आणि त्या जातीच्या पहिल्या यंत्रांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. ते 1984 च्या आयबीएम एटी या पुढच्या मॉडेलपासून आले. त्यामुळे रोज सकाळी यंत्र 1 जानेवारी 1980 धरून चाले आणि आजची तारीख विचारे, तीही अमेरिकन क्रमाने, आधी महिना. आपण 9 ऑक्टोबर म्हणून 9-10 टाकले की डॉस ती 10 सप्टेंबर समजे आणि मुकाट स्वीकारे. महिन्याच्या 13 तारखेपासून अशी चूक यंत्र स्वतःच नाकारे, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे धोका फक्त पहिल्या बारा दिवसांत. आणि बचत खात्याचे व्याज त्या काळी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे. नेमक्या व्याजाच्या तारखेभोवतीच तारीख उलटण्याची भीती! डॉसच्या तारखेवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 9 ऑक्टोबरला भरलेली रक्कम 10 सप्टेंबरची ठरली, तर एका महिन्याचे व्याज जादा पडे. म्हणूनच तारीख एकाने टाकायची, दुसऱ्याने मोठ्याने वाचायची आणि मगच आदल्या दिवशीची शिल्लक जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य खातेवहीशी, ताडून पोस्टिंग सुरू करायचे, ही शिस्त मला आजही योग्य वाटते. सुरुवातीचे काही महिने हाताची खातेवहीही सोबत चालू असे. दोन्हींचे बॅलन्सिंग जुळले तर दिवस सुरू.

पुढे डॉसऐवजी युनिक्स या प्रणालीवर चालणारी यंत्रे आली, तेव्हा सुरू करण्यापेक्षा बंद करणे महत्त्वाचे झाले. डे एंड, म्हणजे दिवसाचे काम रीतसर बंद करणे, न होता वीज गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र आधी स्वतःची डिस्क तपासत बसे आणि काउंटरसमोर रांग वाढत जाई. बंद करण्याचा पासवर्ड कोणाकडे असावा, यावर शाखांमध्ये झालेले वाद मी पाहिले आहेत.

बँका आणि संघटनांच्या 1993 च्या करारानंतर अख्खी शाखा संगणकावर घेण्याचा मार्ग मोकळा झाला. केंद्रीय दक्षता आयोगाने 1 जानेवारी 2001 पर्यंत सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणण्याची मुदत घातली, आणि आधी रेंगाळलेले काम दोन-अडीच वर्षांत उरकावे लागले. त्याच सुमारास कोअर बँकिंग आले. खाती शाखेतून उठून डेटा सेंटरला गेली आणि दिवसाची तारीखही तिथूनच येऊ लागली. आता सकाळी शाखेत कोणी तारीख टाकत नाही. टर्मिनल सुरू केले की ती आधीच पडद्यावर असते.